मऊ पानांचा अल्बम

शीरावांना माणसाच्या तोंडाचा वीट आला होता, आणि पोट तर माणसाच्या तोंडावरच चाललेलं. कवळ्या बनवायचा त्यांचा धंदा. दातांच्या डॉक्टरांकडून पिशवीतून ठसे यायचे, बोळक्या हिरड्यांवर दाबून घेतलेले, लाळेने बुळबुळलेले, कधी कडेला रक्ताची रेघ, कधी कुणी जेवून तसंच जाऊन बसलेलं म्हणून भाजीचं पान जसंच्या तसं चिकटलेलं. पिशवीची गाठ सोडतानाच शीरावांची मान वळायची. मग रबरी मोजे, त्यावर आणखी मोजे, आणि ठसा नळाखाली धरून बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात बडबड, की लोकांना एवढीही लाज कशी नाही, चूळ भरायला काय पैसे पडतात का.

खरं नाव त्यांचं चांगलं होतं, पण ते आता वीजबिलावरच उरलं होतं. दर दुसऱ्या वाक्याला 'शी' म्हणायची सवय, म्हणून गल्लीने त्यांचे शीराव करून टाकले. बसमधला दांडा ते रुमालातून धरायचे. दुसऱ्याच्या घरी चहाचा कप आधी उजेडाकडे करून बघायचे. कुणी हात मिळवायला पुढे येऊ नये म्हणून दोन्ही हातांत कायम काहीतरी धरून ठेवायचे. बायको म्हणायची, ह्यांच्याशी संसार म्हणजे इस्पितळात पाहुणी म्हणून राहण्यासारखं आहे. पण ती हे हसून म्हणायची, कारण बाकी माणूस सरळ होता.

असल्या माणसाच्या गळ्यात दादाची नाणी पडली.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. बसच्या गॅरेजात इंजिनं खोलण्यात त्याची हयात गेली. नखांत काळं, कोपरापर्यंत ऑइल, आणि शर्टाला असा वास की तो येऊन गेला की शीराव खुर्चीचं कव्हर धुवायला टाकायचे. त्याला नाणी गोळा करायचा नाद होता. जुन्या राजवटीतली, परमुलखातली, मधे भोक असलेली, कडेला खाचा असलेली, झिजून नुसती चकती उरलेली. कुठून मिळवायचा ते विचारू नये. सीटच्या फटीत, गटाराच्या जाळीत, भंगारवाल्याच्या पोत्यात दादा बेधडक हात घालायचा. आणि मिळालेलं नाणं ओळखायची त्याची रीत तर अशी की शीराव हातातलं सोडून रुमाल शोधायचे. अंगठ्यावर थुंकायचं, नाण्यावर खसाखसा घासायचं, उजेडात धरायचं, आणि तोच अंगठा पुढच्याच्या खांद्यावर ठेवून म्हणायचं, बघ धाकट्या, घोडा दिसतोय. कसला घोडा! शीरावांना तिथे फक्त थुंकी दिसायची.

पुढे दादाचे डोळे गेले. आधी कडेकडेने, मग मधून. वहिनी तर आधीच गेलेली. लेकीने त्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं, दुसऱ्या गावी, दोन खोल्यांत, जिथे त्याची खाटच कशीबशी मावणार होती. जायच्या आधी दादा काठी टेकत टेकत शीरावांकडे आला. काखेत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, झाकणाला गंज चढलेला. आत शेकडो कागदी पुड्या, दादाने स्वतः घड्या घातलेल्या, एकेकीवर ऑइलच्या बोटांचे डाग. म्हणाला, तिथे पोरांच्या पायात येतील, हरवतील. तुझ्याकडे आहेत तशीच राहू देत. दिसत नसलं तरी बोटांना सगळी ओळखू येतात, मी अधूनमधून येऊन हात फिरवून जाईन.

शीरावांनी हो म्हटलं, शब्द दिला. ह्या थोरल्याने जन्मात धाकट्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ते शीरावांनाही कळत होतं.

पण कळणं वेगळं आणि तो डबा घरात ठेवणं वेगळं. झाकण उघडलं की ओशट, कुबट वास. कळकट पितळेचा, जुन्या घामाचा, शेकडो खिशांचा आणि हजारो हातांचा. शीरावांना वाटायचं, कुणाकुणाच्या बोटांनी ही नाणी फिरली असतील, कुणी नाक पुसून दिली असतील, कुणी तोंडात धरली असतील. डबा स्वयंपाकघराजवळ नको, कपड्यांजवळ नको, कामाच्या खोलीत तर नकोच. शेवटी ते बायकोला म्हणाले, दादाने आहेत तशी ठेव म्हटलं, म्हणजे नीट ठेव असंच ना? अल्बम आणू या. माणसासारखी माणसं अल्बम लावतात. बायको म्हणाली, त्यांनी सांगितलं ते ऐकलंत तर काय बिघडेल? पण एकदा शीरावांच्या नाकाने निकाल दिला की वर अपील नसायचं.

नाण्यांच्या दुकानात त्यांनी अर्धा दिवस काढला. दुकानदार पेनच्या टोपणाने कान कोरत होता आणि त्याच टोपणाने माल दाखवत होता, त्यामुळे सल्ला विचारायची सोयच राहिली नाही. शीरावांनी स्वतःच बघायचं ठरवलं. आधी पुठ्ठ्याच्या चौकटी पाहिल्या. मधे पातळ खिडकी, नाणं ठेवायचं, घडी घालायची, पिना मारायच्या आणि तशा चौकटी अल्बमच्या कप्प्यांत सरकवायच्या. पण पुठ्ठा म्हणजे शेवटी कागदच की, ओल पिणार, पिनांना गंज येणार. शी. मग मखमलीचे लाकडी ट्रे. दिसायला राजेशाही, पण उघडे. येईल तो बोट लावणार. शी, शी. कडक प्लास्टिकच्या पानांचा एक अल्बम होता, पण त्याची पानं जराशी धुरकट, खडखड वाजणारी, कप्पे वरून सैल. धूळ जाईल, आणि दिसायलाही गरिबाघरचं.

आणि मग तो हातात आला. मऊ पानांचा. पानं अशी नितळ की मधे काही आहे की नाही कळू नये. कप्प्यात बोट घातलं तर प्लास्टिक बोटाला चिकटून बसे. वर झाकपट्टी, बंद केली की वारासुद्धा आत जाणार नाही. शीरावांनी पान नाकाशी नेलं. नव्याकोऱ्या रेनकोटासारखा वास. ज्याला अजून कुणाचाही हात लागलेला नाही, अशा वस्तूचा वास. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी आणखी एकदा हुंगलं आणि तीन अल्बम बांधून घेतले.

आता गंमत बघा. हाच माणूस कवळीत मऊ अस्तर लावून देताना प्रत्येक म्हाताऱ्याला बजावायचा, की बाबा, मऊ आहे ते पाझरणार, पुढेमागे चिकट होणार, वेळच्या वेळी बदलून घ्या. हाच माणूस कवळी नाकाशी धरून वास आला तर पुन्हा शिजायला टाकायचा, कारण ज्याला वास येतो ते प्लास्टिक अजून कच्चं आहे, त्यातून अजून रसायन सुटतंय. आपल्या धंद्यात त्यांना कुणी फसवू शकलं नसतं. पण दुकानात नाक असं खूश झालं की डोक्याला कुणी विचारलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

नाणी भरायला कित्येक रविवार गेले. मोज्यांवर मोजे घालून, चिमट्याने एकेक पुडी सोडून, नाणं साबणात बुचकळून, पुसून कप्प्यात. दादाच्या पुड्या कचऱ्यात. डब्याच्या तळाशी एक पुडी निराळी निघाली. आत कापडाचा तुकडा, त्यात एक साधंसुधं नाणं. ते लहान असताना सगळ्यांच्याच खिशात असायचं तसलं, काळपट, डागाळलेलं. असल्या चिल्लरीला इतक्या देखण्या पानात कोण जागा देणार? शीरावांनी ते कापडासकट पुन्हा डब्यात टाकलं. डबाही ते भंगारात घालणार होते, पण बायकोने तो त्यांच्या हातातून घेतला, भाऊजींचा डबा आहे म्हणाली, आणि माळ्यावर ठेवून दिला.

वर्षभर त्यांनी अल्बम मिरवले. आल्यागेल्याला आधी हात धुवायला लावायचे, मग टेबलावर पांढरं कापड अंथरून पानं दाखवायचे. नाणी खरंच सुंदर दिसायची. बघणारा म्हणायचा, वा, आणि शीरावांची मान ताठ व्हायची, जणू गटारात हात यांनीच घातले होते. मग एकदा बायकोचे मामा आले. हात त्यांनी धुतले, बसलेही नीट, आणि पहिलं पान बघून झाल्यावर बोट जिभेवर ओलं केलं आणि पान उलटलं. शीरावांनी अल्बम त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. मामा रागावून गेले ते परत आले नाहीत. शीरावांनी तिन्ही अल्बम पुसले, जाड पिशवीत गुंडाळले, वर चिकटपट्टी लावली आणि लोखंडी कपाटात कोंडून ठेवले. कपाटामागे भिंत, भिंतीपलीकडे कवळ्या शिजवायची भट्टी. बारा महिने ते कपाट कोमट असायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून शीराव निर्धास्त झाले.

दादाचं येणं होईना. आज लेकीला सुट्टी नाही, उद्या याचा गुडघा धरलेला, अशी वर्षं गेली. फोन मात्र यायचा, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी दादा विचारायचा, नाणी बरी आहेत ना रे? आणि शीराव म्हणायचे, मस्त आहेत दादा, काचेत ठेवल्यासारखी आहेत.

मग पुतणीचा फोन आला. बाबांना आता उजेड-अंधारही कळत नाही. खात नाहीत, बोलत नाहीत, नुसते बसून बोटं चोळत राहतात. काल विचारलं काय हवंय, तर म्हणाले नाण्यांवरून एकदा हात फिरवायचाय. "काका, रविवारी घेऊन येते त्यांना," ती म्हणाली. "तेवढ्या बोलण्याने कालपासून जेवतायत."

रविवारी सकाळी शीरावांनी कपाट उघडलं, चिकटपट्टी सोडली. आधी वास आला. नव्या रेनकोटाचा नव्हे. गोडसर, आंबूस, बंद घरात काहीतरी मरून पडल्यासारखा. पानं एकमेकांना चिकटलेली. ओढली तर चर्र आवाज करत सुटली, आणि मधे दोरे लोंबले. प्रत्येक कप्प्यात नाण्याभोवती हिरवं, लिबलिबीत, शेंबडासारखं काहीतरी साचलं होतं. कुठे थेंब, कुठे थर, सगळं त्या मऊ पानांतूनच पाझरलेलं. शीरावांनी मोजे घातलेल्या बोटाने एक नाणं बाहेर ओढलं तर ते हिरव्या तारेसकट आलं, आणि खाली तांब्याला खड्डे पडलेले. शीराव बेसिनकडे धावले आणि सकाळचा चहा सगळा बाहेर आला.

तोंड धुताना त्यांना आरशात स्वतःचं तोंड दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याचीही किळस आली. लोकांच्या नाकातोंडाला नावं ठेवणारा माणूस. लाळ दुसऱ्यांची, थुंकी दुसऱ्यांची, आणि ही सगळ्यांत घाण चीज मात्र स्वतः निवडलेली, हुंगून, कौतुकाने घरी आणलेली. बायको दारात उभी होती. तिने अल्बम पाहिला, आणि ती एवढंच म्हणाली, की आल्या आल्या भाऊजींना सांगून टाका.

शीराव हो म्हणाले, आणि पुन्हा मोज्यांवर मोजे चढवून, स्पिरिटचा बोळा घेऊन पानं बाहेरून पुसायला बसले. हे बायकोला समजेना. शीरावांना मात्र समजत होतं, आणि ते समजतंय म्हणूनच ते तिच्याकडे बघत नव्हते. दादाला हिरवं काही दिसणार नव्हतं. बाहेरून पान कोरडं असलं की झालं. वरून हात फिरवेल, आकार लागतील बोटांना, खूश होऊन जाईल. आंधळ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे किती सोपं काम. विचार इतका गलिच्छ होता की त्या चिकट पानांपेक्षा तोच हाताला लागतोय असं वाटत होतं, तरी शीराव पुसत राहिले.

दादा आला. पुतणीने हाताला धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि ती काकूबरोबर आत गेली. शीराव बघतच राहिले. दादाची नखं पांढरी झाली होती. ऑइल कधीच धुऊन गेलं होतं, अंगाला साबणाचा वास येत होता, हात एवढेएवढेसे. इतकी वर्षं ज्या घाणीला नाक मुरडलं ती त्या हातांवरून नाहीशी झाली होती, आणि हात ओळखू येत नव्हते.

शीरावांनी अल्बम त्याच्या मांडीवर ठेवला. दादाने पानावर तळवा फिरवला. हे काय, म्हणाला. शीराव म्हणाले, अल्बम आहे, धूळ लागत नाही यात. दादा एकेक कप्पा चाचपू लागला. थोड्या वेळाने म्हणाला की हे मोजा घातलेला हात हातात घेतल्यासारखं वाटतंय, बाहेर काढ की. शीराव म्हणाले, आता राहू दे, आधी चहा घे, पानं फार जपून उघडावी लागतात. दादाने मान जरा वर केली आणि नाकाने हवा ओढली. मग झाकपट्टीखाली नख घातलं.

नाणं बाहेर आलं. दादाने ते दोन बोटांत धरलं, बोटं चोळली, लांब केली, पुन्हा चोळली. दुसरं काढलं. तिसरं. पान उलटलं तेव्हा चर्र असा आवाज झाला, आणि तो दोघांनीही ऐकला. तो काहीतरी शोधत होता. एका नाण्यावर त्याचा अंगठा फिरत राहिला, फिरत राहिला, आणि थांबला. त्याने बोटं आपल्या धुतलेल्या विजारीला पुसली. ओरडला असता तर शीरावांना बरं वाटलं असतं.

मग शीरावांनीच तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर त्यांना ते बंद करता येईना. त्या पुड्यांची घाण वाटली दादा, त्या डब्याची, तुझ्या थुंकीची. मोजे घालून धुतली सगळी. पुड्या फेकून दिल्या. हा अल्बम मीच निवडला, वास छान आला म्हणून. आणि आज सकाळी कळल्यावरही तुला फसवायला निघालो होतो.

"तुला घाण वाटते ते ठाऊक आहे मला," दादा म्हणाला. "खुर्चीचं कव्हर धुतोस तेही ठाऊक होतं." मग त्याने विचारलं, "तळाशी कापडात एक होतं. तेही घातलंस का यात?"

शीराव म्हणाले, नाही, ते साधंच होतं, म्हणून डब्यातच टाकलं. बायको आतून ऐकतच होती. ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली आणि डबा खाली घेऊन आली. नाणं कापडात होतं तसंच होतं. कोरडं, काळपट, ठणठणीत. दादाने ते हातात घेतलं, सवयीने अंगठ्यावर थुंकला, घासलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की पुतणी दारातच थांबली.

शीरावांनी विचारलं, एवढं काय आहे त्यात?

"तू गिळलेलं आहे ते," दादा म्हणाला.

मग त्याने सांगितलं. आई कामावर जायची आणि धाकटा दादाच्या हवाली असायचा. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची सायकल दुरुस्त करून दिली म्हणून दादाला ते नाणं मिळालं होतं, स्वतःचं पहिलं. ते त्याने जमिनीवर फिरवून दाखवलं, तर धाकट्याने उचललं आणि गिळलं. डॉक्टर म्हणाले, बाहेर पडेल, पण रोज बघायचं, न बघता फेकायचं नाही, अडकलं तर पोट कापावं लागेल. आईला बघवेना, तिला उमासे यायचे. तेव्हा ते काम दादाने केलं. घरामागे बसून, रोज, आधी काडीने, आणि काडीने कळेना तेव्हा हातांनी. धाकटा बाजूला उभा राहून रडायचा, दादा मी मरणार का, म्हणून विचारायचा. आणि एक दिवस बोटांना ते लागलं.

"इतकं बरं वाटलं," दादा म्हणाला, "की हात धुवायचंही सुचलं नाही. तसाच तुला उचलून नाचलो. ते नाणं मग खर्चवेना. ठेवून दिलं. आणि एक ठेवलं की त्याच्या सोबतीला दुसरं ठेवावंसं वाटतं. ही सगळी त्याच्या सोबतीची आहेत."

पुतणीलाही ही गोष्ट नवीन होती. दादाने ते नाणं पुन्हा कापडात गुंडाळलं, डब्यात ठेवलं, आणि अल्बम मांडीवर ओढून घेतला.

"परात मागव," तो म्हणाला. "स्पिरिट असेल तुझ्याकडे. पुसून बघू, निघेल तेवढं निघेल. तुला नाही जमलं तर बस नुसता. तुझी घाण निस्तरायची मला सवय आहे."

शीरावांनी हातांवर तसेच असलेले वरचे मोजे काढले. मग आतले काढले. पहिल्याच कप्प्यात बोट घातल्यावर ते गार, चिकट काहीतरी नखाखाली शिरलं. त्यांनी नाणं ओढून काढलं, स्पिरिटमध्ये धरलं, बोळ्याने पुसलं, साबणाच्या पाण्यात चोळलं, कोरडं केलं. खाचांत हिरवं तसंच होतं. दादा वाट बघत होता.

"घोड्याचं आहे का ते?" त्याने विचारलं.

शीरावांनी नाणं उजेडाकडे नेलं. काही दिसेना. त्यांनी अंगठा तोंडाजवळ नेला, थांबले, आणि मग त्यावर थुंकून खसाखसा घासलं.

"आहे," ते म्हणाले. "अर्धा आहे."